भाता ऐकू येतो

*"ताई, नमस्कार. मी सिंदेवाही तालुक्यातल्या एका गावचा, वय २४. बारावीनंतर शिक्षण सुटलं. एका राइस मिलमध्ये काट्यावर बसतो, धान मोजतो, पावत्या फाडतो. तीन वर्षांपासून रात्री घरचे झोपले की जुन्या लॅपटॉपवर संगीत बनवतो. बाजूला लहान बहीण झोपते म्हणून हेडफोन लावून, आवाज अगदी कमी ठेवून. कुणाकडे शिकलो नाही, यूट्यूब पाहून पाहून जमवलं. फोल्डरमध्ये ४१ ट्रॅक आहेत, पूर्ण झालेला एकही नाही. मित्रांना ऐकवलं की 'भल्ला मस्त झाला बे' म्हणतात आणि मोबाईलमध्ये डोकं घालतात. नागपूरला स्टुडिओ असलेल्या एका ओळखीच्यांना पाठवलं, तर चार दिवसांनी त्यांनी एवढंच लिहिलं: 'साउंड कच्चा आहे.' त्यानंतर दीड महिना लॅपटॉप उघडला नाही. एक दिवस वाटतं आपल्याला येते, दुसऱ्या दिवशी तेच ऐकलं की फाईल उडवून टाकावी वाटते. बाबा म्हणतात, 'रातभर डोक्याले तो पट्टा लावून का करतं बे?' मला यातून पैसे कमवायचे नाहीत, ताई. आपण करतो ते काही आहे की नाही, एवढंच कळलं पाहिजे. कुणाला विचारू? आणि खरं सांगा, मी थांबू का? तीन ट्रॅक सोबत पाठवतो. सगळं अजून कच्चंच आहे, सांभाळून घ्या."*

*— काट्यावरचा मुलगा*

काट्यावरच्या मुला,

थांबू नकोस. हे पहिल्याच ओळीत सांगते, कारण तुझा जीव तिथे अडकलाय आणि तो मोकळा झाल्याशिवाय पुढचं तुझ्या डोक्यात शिरायचं नाही.

मी पेटी शिकवते. गेली बारा वर्षं घरच्या एका खोलीत, दाराखिडक्यांना गोधड्या टांगून, आसपासच्या भजनी मंडळांचं रेकॉर्डिंगही करते. ते मला कुणी शिकवलेलं नाही. त्यामुळे तुझं पत्र वाचताना बऱ्याच ओळी ओळखीच्या वाटल्या.

तुझे पहिले दोन ट्रॅक हा यूट्यूबवरच्या धड्यांचा गृहपाठ आहे. गृहपाठ नीट झालाय, त्यावर जास्त लिहीत नाही. तिसरा ट्रॅक, 'रोवणा फायनल ७' (रोवणा म्हणजे धानाची लावणी), मी दहा-बारा वेळा ऐकला. चिखलातून पाय उपसल्याचा आवाज, लांब कुठेतरी बायकांचं हसणं, आणि मग अगदी बारीक, तुझाच असावा असा आवाज: 'आजी, म्हण आता.' ते वाक्य कापायचं तू विसरलास की मुद्दाम ठेवलंस, कोण जाणे. कापू नकोस. त्यानंतर आजी गायला लागते, आणि मी हातातला चहा तसाच धरून बसले. तिचा आवाज थरथरतो. ओळीच्या मध्येच श्वास संपतो, ती थांबते, कंबर सरळ केली असावी एवढा वेळ जातो, आणि जिथे सोडला होता तिथूनच पुन्हा सूर धरते. रोवणीत वाकून गाणाऱ्या बाईचं गाणं असंच चालतं. जुडीतून पऱ्हे, म्हणजे रोपं, सोडवायचे, चिखलात खोचायचे, एक पाऊल मागे सरकायचं, आणि त्या सरकण्यावर श्वास घ्यायचा. त्या वीस-पंचवीस सेकंदांत मला धानाच्या बांधीतलं पाणी दिसलं.

मग चाळिसाव्या सेकंदाला तू आजीला झाकून टाकलंस. तिच्या आवाजावर एवढा रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, ओतलास की ती बांधीतून उचलून विहिरीत उभी केल्यासारखी वाटते. वरून जाड सिंथ, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सूर, आणला. त्याच्याही वर ऑटोट्यून लावलास, आणि ते मला सगळ्यात जास्त लागलं. या प्लगइनला, म्हणजे संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडायच्या या अवजाराला, काही सांगितलं नाही तर सप्तकाचे बारा सारखे तुकडे तेवढे कळतात. जो सूर त्या तुकड्यांवर नाही, तो ओढून जवळच्या तुकड्यावर बसवायचा, एवढंच त्याचं काम. तंबोऱ्याची तार छेडली की तिच्यातून आपोआप जो गंधार कानावर येतो, तो त्या बारा तुकड्यांतल्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो. सेंट म्हणजे दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. फरक लहान आहे, पण कानाला कळतो. आजीचा गंधार तसा खाली, स्वस्थ बसलेला आहे. शिवाय ती एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाते. तुझ्या प्लगइनने ती घसरण कापून तिच्या पायऱ्या केल्या.

तुला आजीच्या आवाजाची भीती वाटली असणार. लोक म्हणतील म्हातारीचा कापरा आवाज घेऊन काय बसला, अशी. म्हणून तू तो झाकलास. पत्राच्या शेवटी 'सगळं अजून कच्चंच आहे' असं लिहून तू स्वतःलाही तसंच झाकलंस. मी ते वाक्य वाचून मग फाईल उघडली, आणि पहिल्यांदा ऐकताना खरोखर कच्चेपणाच शोधत बसले. तो शब्द तुझाही नव्हता. नागपूरच्या माणसाचा शब्द तू स्वतःच्या हाताने मला आणून दिलास.

आता त्या शब्दाचं बघू. त्यासाठी तुझ्या मिलपेक्षा चांगली जागा मला सुचत नाही.

तुझ्याकडे धान आलं की तू ते काट्यावर चढवतोस. ओलावा बघायचं यंत्र असतं, त्यात मूठभर दाणे टाकतोस, आकडा येतो. आधारभूत खरेदी केंद्रावर १७ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो, हे तुला माझ्यापेक्षा पक्कं माहीत आहे. आकडा १९ आला तर तू काय म्हणतोस? 'काका, दोन दिवस ऊन दाखवा, मग आणा.' 'काका, तुम्हाला शेती जमत नाही' असं तू कधी म्हणतोस का? आणि काकाही घरी जाऊन नांगर विकत नाहीत. ताडपत्री पसरतात, धान वाळत घालतात, संध्याकाळी एक दाणा दाताखाली धरून बघतात.

नागपूरच्या माणसाने तुला आकडा दिलाच नाही. 'कच्चा आहे' हा निकाल झाला. कशात कच्चा, कुठे कच्चा, किती कच्चा, यातलं त्यात काहीच नाही. त्यांचा हेतू वाईट असेल असं मला वाटत नाही. दिवसभर दुसऱ्यांचे आवाज ऐकून दमलेला माणूस असेल, तुझी फाईल अर्धा मिनिट ऐकली असेल. पण मला एक सांग, तू त्यांना विचारलं काय होतंस? पत्रात ते नाही, म्हणून अंदाजाने बोलते. 'सर, कसं वाटलं सांगा' असंच लिहिलं असशील. त्या प्रश्नाला निकालाशिवाय दुसरं उत्तर नसतं. मित्राने 'भल्ला मस्त' म्हटलं तोही निकालच, गोड एवढंच. गोड असो की कडू, दोन्हींनी तुझ्या हाताला काही काम दिलं नाही, म्हणून दोन्ही वेळा तू होतास तिथेच राहिलास.

मी एकोणीस वर्षांची असताना महिला भजनी मंडळात पेटी धरायची. एका सप्ताहात बाहेरगावचे एक जाणते पेटीवाले आले होते. काला झाल्यावर मी पाया पडले आणि विचारलं, 'बाबा, माझी पेटी कशी वाटली?' त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, 'बाई, तुझा भाता ऐकू येते.' एवढंच. चार बायका बाजूला उभ्या होत्या. त्या हिवाळ्यात मी पेटीला हात लावला नाही. आईने दोनदा विचारलं, मी बोटं दुखतात म्हणून सांगितलं. मला त्यांच्या बोलण्यातून ऐकू आलं होतं, 'तुला वाजवता येत नाही.'

होळीनंतर एका दुपारी घरी कुणी नव्हतं. पेटी काढली, डोळे मिटले, एकच सूर धरला आणि फक्त डाव्या हाताकडे लक्ष दिलं. भाता दाबला की सूर फुगायचा, हात मागे घेतला की बसायचा. फूं, फूं, फूं, प्रत्येक ओळीला दम लागल्यासारखा. ते बाबा अक्षरशः खरं बोलले होते, भाता ऐकू येत होता. त्यांनी मला ओलाव्याचा आकडा दिला होता आणि मी तो निकाल समजून चार महिने घालवले. भाता कमी उघडून, सारख्या छोट्या दाबांनी मारायला शिकायला मला तीन आठवडे लागले. आज माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक लेकराला मी पहिले पंधरा दिवस एकच सूर धरायला लावते, ते त्या बाबांमुळे.

ज्या पेटीवर मी पोट भरते, तिच्याबद्दलचा निकाल तर देशाच्या रेडिओने दिला होता. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत राहिली. जाणकार लोक होते त्यामागे, आणि त्यांचं निरीक्षण चूक नव्हतं. पेटीच्या पट्ट्या ठरलेल्या, तिच्यातून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, तिचे सूर कंठाच्या सुरांना तंतोतंत मिळत नाहीत. हे सगळं मी आजही मान्य करते, वर तुझ्या ऑटोट्यूनबद्दल बोलले तेही त्याच जातीचं आहे. पण 'मींड निघत नाही' यापासून 'वाजवूच नका' इथपर्यंत जी उडी मारली, ती गावागावातल्या मंडळांनी काही मानली नाही. त्या एकतीस वर्षांत भजनात पेटी होती, कीर्तनात होती, नाटकात होती. वाजवणाऱ्यांनी मींडेची उणीव ओळखून बोटांनी कण, म्हणजे शेजारच्या सुराचा ओझरता स्पर्श, लावायच्या युक्त्या काढल्या. म्हणजे निरीक्षण घेतलं आणि निकाल सोडून दिला. तुलाही नागपूरच्या शब्दाबाबत हेच करायचं आहे. फक्त तिथे निरीक्षण दिलेलंच नाही, तर ते आपण शोधून काढू.

मी तुझा ट्रॅक तीन ठिकाणी ऐकला. आधी माझ्या हेडफोनवर, तिथे बरा वाटला. मग भाच्याच्या ट्रॅक्टरला लावलेल्या स्पीकरवर. तुझ्या बेसने मडगार्ड थरथरायला लागलं आणि आजी पार बुडाली. याचं कारण तू पत्रातच लिहून ठेवलं आहेस: बहीण झोपते, आवाज अगदी कमी ठेवतो. माणसाच्या कानाची ही ठेवणच आहे. आवाज कमी असला की खालचे, जाड सूर त्याला वरच्या सुरांपेक्षा जास्त कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९३३ साली हे मोजून त्याच्या रेषा काढल्या, तेव्हापासून आवाजाच्या धंद्यातल्या सगळ्यांना ते माहीत आहे. तू रात्री हळू आवाजात ऐकतोस, बेस कमी वाटतो, तू वाढवतोस. दुसऱ्या दिवशी मोठ्याने लावलं की ढोल फुटतो. 'एक दिवस येते वाटतं, दुसऱ्या दिवशी फाईल उडवावी वाटते' असं जे तू लिहिलंस, त्यातला निदान अर्धा भाग या कानाच्या ठेवणीचा आहे. तू स्वतःबद्दल शंका घेत बसलास, आणि खोट फक्त आवाजाच्या बटणाची होती.

तिसरी जागा म्हणजे आमच्या गल्लीतल्या बिछायतवाल्याचा, म्हणजे मांडव-स्पीकर भाड्याने देणाऱ्याचा, भोंगा. तिथे एक गंमत झाली. एक मिनिट दहा सेकंदाला तू जी बासरी आणलीस, ती भोंग्यावर आलीच नाही. हेडफोनवर ती डोक्याच्या दोन्ही बाजूंनी छान पसरते. तू ती रुंद करणाऱ्या प्लगइनमधून काढली असणार. असे काही प्लगइन डाव्या बाजूला जी लाट देतात, तिचीच उलटी उजव्या बाजूला देतात. दोन्ही बाजू एका स्पीकरमध्ये एकत्र आल्या की लाट आणि उलटी लाट एकमेकींना खाऊन टाकतात. भोंगा एकच, छोटा ब्लूटूथ स्पीकर एकच, खूप मोबाईलचाही एकच. आपल्या भागात तुझं गाणं ज्यांच्या कानावर पडेल, त्यातल्या बहुतेकांना बासरी ऐकूच येणार नाही. मिक्स करताना एकदा मोनोचं, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र करणारं, बटण दाबून बघायची सवय लाव, दहा सेकंदांचं काम आहे.

मोबाईलच्या बारीक स्पीकरमधून साधारण २०० हर्ट्झच्या खालचं फारसं काही निघत नाही, आणि तुझ्या किकचा, म्हणजे ठेक्यातल्या जाड ठोक्याचा, सगळा जोर ५०-६० च्या आसपास आहे. म्हणून मित्रांना मोबाईलवर ऐकवतोस तेव्हा त्यांना ठेकाच मिळत नसेल. किकला थोडी वरची टकटक दे, नाहीतर सरळ डफड्याचा एक खरा ठोका त्याच्यावर ठेव. गावात डफडं वाजवणारं कुणी असेलच. अंगणात बसवून फोनवर रेकॉर्ड केलंस तरी चालेल, फोन दोन हात लांब ठेव.

आणखी एक. तू तुझा ट्रॅक तयार गाण्यांशेजारी लावून बघत असशील आणि खट्टू होत असशील. तयार गाणं मास्टर होऊन, म्हणजे शेवटचा हात फिरून, मोठं झालेलं असतं, आणि सारखीच गोष्ट थोडी मोठ्याने वाजली की कानाला ती चांगलीच वाटते. त्या गाण्याचा आवाज तुझ्या ट्रॅकइतका खाली आण आणि मग शेजारी ठेव. स्पॉटिफायसारख्या ठिकाणी तसंही सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (आवाजाचा मोठेपणा मोजायचं माप) पातळीला आणून वाजवतात, त्यामुळे नुसतं फुगवून हाती काही लागत नाही.

बघ, हे एवढं सगळं त्या 'कच्चा' शब्दाच्या पोटात होतं. बेस, रुंदी, किक, रिव्हर्ब. चार दिवसांचं ऊन.

आता, कुणाला विचारू. तुला वाटतं की जाणता माणूस शहरात आहे. पण तुझ्या गावात भजनी मंडळ आहेच, आपल्याकडे ते नाही असं गाव मी पाहिलं नाही. खंजिरीवर भजन म्हणत राष्ट्रसंत तुकडोजी महाराज गावोगाव फिरले तो हा मुलूख आहे. त्या मंडळात जो ढोलकी धरतो, त्याला तुझं सॉफ्टवेअर कळणार नाही, पण लय कुठे सरकते ते तो झोपेतही सांगेल. त्याला 'कसं वाटलं काका' विचारू नकोस. 'काका, ठेका कुठं ओढल्यासारखा वाटते का?' एवढंच विचार. पेटीवाल्याला सुराचं विचार. बिछायतवाल्याला विचार की भोंग्यावर काय बुडते आणि काय टोचते. तो माणूस आयुष्यभर लग्नात, सभेत, मंडईच्या जत्रेत लोकांचे कान सांभाळत आलाय. माझ्या खोलीत मी पहिला मायक्रोफोन कुठे ठेवायचा ते अशाच एकाकडून शिकले, आणि तो दुसरी नापास होता. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा, आणि तोही त्याच्या हातातल्या कामाचा. एका वेळी एक मिनिटाचा तुकडा ऐकव. चार मिनिटांचं कुणी मन लावून ऐकत नाही, मीही ऐकत नाही.

मित्रांचंही सोडू नकोस, फक्त त्यांना बोलायला लावू नकोस. तुझं आहे हे न सांगता पानठेल्यावर लाव आणि त्यांच्याकडे बघ. वडशाच्या कंपन्यांची झाडीपट्टीतली नाटकं तू पाहिली असशील. दिवाळी ते होळी गावोगाव रात्रभर खेळ चालतो. तिथला जुना नट समोरच्या मांडीवरचे हात बघतो, कोण शेंगा फोडायचा थांबला ते बघतो, चहाच्या ठेल्याकडे माणसं कोणत्या प्रवेशाला उठतात ते बघतो. तसं बघ. कुणाचा पाय हलला का, कोणत्या सेकंदाला मोबाईल निघाला, ते घरी येऊन वहीत लिही. नाहीतर दोन प्रकार कर, एकात रिव्हर्ब कमी, एकात जास्त. आवाजाची पातळी सारखी ठेव आणि विचार, 'यातलं कोणतं घेऊ?' 'कसं आहे' म्हटलं की मित्र मैत्री सांभाळतो. 'कोणतं' म्हटलं की त्याला निवडावंच लागतं, आणि तिथे तो खोटं बोलत नाही.

ऐकताना मध्ये बोलू नकोस. मला माहीत आहे, जीभ सळसळते, 'तिथं अजून करायचं बाकी आहे' म्हणावंसं वाटतं. दात ओठ दाबून बस. वहीत लिही आणि दोन दिवस त्यावर काही करू नकोस. एकमेकांना न भेटलेल्या तिघांनी एकाच जागेवर बोट ठेवलं, तर तिथे नक्की काहीतरी आहे. त्यांनी सांगितलेला उपाय मात्र जसाच्या तसा घेऊ नकोस. बैल लंगडतो हे रस्त्यावरच्या कुणालाही दिसतं, खुरात काय रुतलं ते मालकाला उचलून बघावं लागतं. आणि एखादा पुन्हा नुसताच 'कच्चं आहे' म्हणाला, तर न चिडता विचार, 'कोणत्या जागेवर वाटलं?' त्याने जागा सांगितली तर ते तुझ्या कामाचं. नाही सांगता आली तर नमस्कार करून ये.

नागपूरच्या त्या ओळखीच्यांनाही पुन्हा लिही, मनात अढी ठेवू नकोस. एक मिनिटाचा तुकडा पाठव आणि लिही, 'सर, आजीचा आवाज चाळिसाव्या सेकंदानंतर बुडतो असं वाटतं का?' मला खात्री आहे, या वेळी ते उत्तर देतील. ज्याला काम येतं त्याला नेमका प्रश्न आवडतो.

तुझ्या ४१ ट्रॅकचं मला काही विशेष वाटत नाही. माझ्याही कपाटात अर्धवट कॅसेटांची पेटी आहे. पण त्यातला एक तरी शेवटपर्यंत ने, कारण अर्धवट कामाबद्दल जगाला काही विचारता येत नाही, 'अजून व्हायचं आहे' ही पळवाट कायम उघडी राहते. रोवण्याचा ट्रॅक घे. दिवाळीनंतर गावात मंडई भरेल, तोपर्यंत तो संपव. संपवायचा म्हणजे फाईलच्या नावातला सात हा आकडा आठ होऊ द्यायचा नाही.

बाबांचं थोडं. भजनी मंडळातल्या ढोलकीवाल्याला कुणी विचारत नाही की यातून किती मिळते. कारण तो समोर वाजवतो, सगळ्यांना ऐकू येतं. तू कान झाकून, अंधारात, एकटा करतोस. बाबांना दिसतं ते एवढंच, की पोरगा रात्रभर जागतो आणि सकाळी काट्यावर डुलक्या घेतो. त्यांचा राग संगीतावर आहे असं मला वाटत नाही. एकदा हेडफोन काढून त्यांच्या कानाला लाव. त्यांच्या आईचा आवाज आहे त्यात. आणि रात्री अकराच्या पुढे मिक्स करू नकोस, दमलेल्या कानाला काहीही खरं वाटतं आणि काहीही खोटं. रविवारी सकाळी, बहीण बाहेर खेळायला गेली की, बोलण्याच्या आवाजाइतकं मोठं ठेवून एक तास बस. रात्रीच्या चार तासांपेक्षा तो एक तास कामाचा आहे.

या रविवारी एवढंच कर. ऑटोट्यून काढ. रिव्हर्ब इतका कमी कर की बंद केल्यावरच कळावं तो होता. सिंथ आजी गाते तिथे बाजूला कर, ती श्वास घेते तिथे आण. त्या श्वासाच्या जागा मोकळ्या आहेत, तिथे तुला भरपूर वाव आहे. मग मला पाठवायच्या आधी आजीजवळ बस आणि तिला ऐकव. तिला काही विचारू नकोस. ती मध्येच सोबत म्हणायला लागली तर कोणत्या ओळीला लागली, तेवढं मला लिहून पाठव.

तुझी ताई